स्वतःच्याच अल्बममध्ये न गायलेला रॉकस्टार : पंक आणि मेटलवाल्यांना एकत्र आणणाऱ्या 'प्रोबॉट'ची गोष्ट

मल्टिस्टारर सिनेमा म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको. पोस्टरवर सात-आठ मोठे चेहरे, आणि सिनेमा बघून बाहेर आल्यावर लक्षात येतं की पोस्टरच भारी होतं. रॉक संगीतात याच प्रकाराला 'सुपरग्रुप' म्हणतात. वेगवेगळ्या बँडमधली नावाजलेली मंडळी एकत्र येतात आणि अल्बम काढतात. त्यातले बरेच अल्बम नंतर कुणाला आठवतही नाहीत.

पण १० फेब्रुवारी २००४ ला आलेला 'प्रोबॉट' आजही लोक शोधून ऐकतात. ११ गाणी, ११ गायक, आणि प्रत्येकाचा मूळ बँड वेगळा. विशेष म्हणजे हे सगळे गायक एकत्र एका स्टुडिओत कधी जमलेच नाहीत.

हा उद्योग केला होता डेव्ह ग्रोहलने.

आधी डेव्ह ग्रोहल कोण ते बघू

'निर्वाना' या बँडचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, तरी त्यांचा टी-शर्ट नक्की पाहिला असेल. पिवळा हसरा चेहरा, डोळ्यांच्या जागी फुल्या. ग्रोहल या बँडचा ड्रमर. १९९१ मध्ये त्यांचा 'नेव्हरमाइंड' आला आणि जानेवारी १९९२ मध्ये त्याने अमेरिकेच्या यादीत मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला मागे टाकून पहिला नंबर पटकावला.

एप्रिल १९९४ मध्ये निर्वानाचा गायक कर्ट कोबेन गेला आणि बँड संपला. त्यानंतर ग्रोहलने 'फू फायटर्स' सुरू केला. त्या बँडच्या १९९५ च्या पहिल्या अल्बममधली जवळपास सगळी वाद्यं त्याने एकट्यानेच वाजवली होती. थोडक्यात, गडी एकटा अख्खा बँड आहे.

पण हे सगळं व्हायच्या आधी तो व्हर्जिनियात वाढलेला एक पोरगा होता. वॉशिंग्टनच्या आसपासच्या पंक कार्यक्रमांना जायचं आणि घरी येऊन मेटलच्या रेकॉर्ड ऐकायच्या, हा त्याचा नाद.

यात विशेष काय? तर त्या काळी हे दोन नाद सहसा एकत्र नसायचे

पंक म्हणजे दोन मिनिटांची गाणी, बारीक कापलेले केस, आणि 'स्टार वगैरे कुणी नसतं, आपण सगळे सारखेच' हा बाणा. मेटल म्हणजे लांब केस, लांबलचक गिटार सोलो आणि भव्य स्टेज. पंकवाल्यांना मेटलवाले दिखाऊ वाटायचे, मेटलवाल्यांना वाटायचं की पंकवाल्यांना धड वाजवता येत नाही. कार्यक्रमांमध्ये यावरून हाणामाऱ्याही व्हायच्या.

या भांडणात दोन्हीकडच्या पोरांना चालणारा एक माणूस होता, 'मोटरहेड'चा लेमी. १९७५ मध्ये सुरू झालेला त्याचा बँड मेटलइतका जड आणि पंकइतका वेगवान वाजवायचा.

पुढे ऐंशीच्या दशकात दोन्ही संगीतं एकमेकांत मिसळायला लागली. ह्यूस्टनच्या 'डी.आर.आय.' या पंक बँडने मेटलचे रिफ उचलले आणि १९८७ च्या अल्बमचं नावच 'क्रॉसओव्हर' ठेवलं. नॉर्थ कॅरोलिनाच्या 'करोजन ऑफ कन्फॉर्मिटी'नेही तीच वाट धरली. इंग्लंडच्या 'नेपाम डेथ'ने तर वेग इतका वाढवला की काही गाणी सेकंदांतच संपायला लागली.

या बँडना रेडिओवर जागा नव्हती. पोरं एकमेकांना कॅसेट पोस्टाने पाठवायची आणि हे संगीत असंच एका गावातून दुसऱ्या गावात पोचायचं.

आणि इथे येतो 'प्रोबॉट'

साधारण २००० च्या सुमारास ग्रोहल आपल्या घराच्या तळघरातल्या स्टुडिओत बसून जड, वेगवान रिफ रेकॉर्ड करायला लागला. फू फायटर्ससाठी ते चालणारे नव्हते. मग डोक्यात आलं, लहानपणी ज्यांच्या रेकॉर्ड झिजवल्या त्या गायकांनाच ही गाणी दिली तर?

बऱ्याच जणांकडे टेप पोस्टाने गेल्या. गायकाने आपले शब्द लिहायचे, आपला आवाज रेकॉर्ड करायचा आणि टेप परत पाठवायची. ज्या पोस्टावर हे संगीत वाढलं, त्याच पोस्टाने हा अल्बम बनला.

यादी बघा. ज्यांच्या १९८२ च्या अल्बममुळे 'ब्लॅक मेटल' हे नाव पडलं, त्या 'व्हेनम'चा क्रोनोस. ब्राझीलच्या 'सेपल्टुरा'चा मॅक्स कॅव्हालेरा. स्वित्झर्लंडच्या 'सेल्टिक फ्रॉस्ट'चा टॉम वॉरियर. डेन्मार्कचा किंग डायमंड. 'डी.आर.आय.'चा कर्ट ब्रेख्त, 'करोजन'चा माइक डीन, 'नेपाम डेथ'मधून पुढे 'कॅथेड्रल' काढणारा ली डोरियन. 'द ऑब्सेस्ड'चा वायनो, 'ट्रबल'चा एरिक वॅगनर, कॅनडाच्या 'व्हॉयव्हॉड'चा स्नेक. आणि अर्थातच लेमी. अल्बमचं कव्हर काढलं व्हॉयव्हॉडच्याच ड्रमरने, म्हणजे 'अवे'ने.

वर एक छुपं गाणंही आहे. ते गायलंय जॅक ब्लॅकने. हो, तोच, 'कुंग फू पांडा'चा आवाज.

मग यात ग्रोहल कुठे आहे?

ड्रम त्याचे, बहुतेक गिटार आणि बास त्याचे, चाली त्याच्या. पण मुख्य गायक म्हणून तो एकाही गाण्यात नाही. आणि प्रत्येक गाणं ज्या गायकाला दिलं, त्याच्या मूळ बँडच्या वळणाचं आहे. लेमीचं 'शेक युअर ब्लड' ऐकलं तर मोटरहेडचंच वाटतं. वॅगनरचं 'माय टॉर्चर्ड सोल' ट्रबलसारखं संथ आणि जड.

अल्बम काढला 'सदर्न लॉर्ड' या लॉस एंजेलिसच्या छोट्या लेबलने, जे असंच जड संगीत काढायचं. टूर काही झाली नाही.

हा हिशोब समजून घ्यायला हवा. निर्वानाच्या संगीतात पंक होतं आणि मेटलचा जडपणाही होता. ते ऐकून लाखो लोकांनी रेकॉर्ड घेतल्या. पण ज्यांनी ही वाट पाडली, त्यातले बहुतेक जण छोट्या हॉलमध्येच वाजवत राहिले. ग्रोहलच्या नावामुळे 'प्रोबॉट' विकत घेतलेल्या कित्येक पोरांनी वायनो किंवा एरिक वॅगनर हे नाव पहिल्यांदा तिथे वाचलं असणार.

हे वेळेत झालं, हेही महत्त्वाचं. लेमी २८ डिसेंबर २०१५ ला गेला. त्याच्या अंत्यविधीच्या कार्यक्रमात ग्रोहल बोलायला उभा राहिला होता. एरिक वॅगनर ऑगस्ट २०२१ मध्ये कोरोनामुळे गेला. श्रद्धांजलीच्या पोस्ट तर सगळेच टाकतात, पण या दोघांना त्यांचं ऋण मानणारा अल्बम स्वतःच्या आवाजात गायला मिळाला.

ऐकायचा असेल तर सुरुवात 'शेक युअर ब्लड'पासून करा. मग 'ॲक्सेस बॅबिलॉन' लावा, ते दीड-दोन मिनिटांत संपतं. आणि एखादा आवाज आवडला, तर त्या गायकाच्या जुन्या बँडचं नाव सर्च करा. ग्रोहलला बहुतेक तेच हवं होतं.