यंत्राने यादी वाचावी कशी?

नवेगाव बांधच्या पाळीवर उभा राहणारा पाहुणा डोंगर पाहतो, पाणी पाहतो, हिवाळ्यात आलेली पाखरे पाहतो. शेतकऱ्याची नजर मात्र तुडुमाकडे जाते. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी हा बांध घातला असे सांगतात. पाऊस आपल्या लहरीने पडतो, आणि धानाच्या बांधीला पाणी हवे असते ते तिच्या गरजेने. या दोहोंचा मेळ बसावा म्हणून मध्ये तळे. आमचा आजचा विषय संगणकाचा आहे. पण ज्याला तळे, तुडुम आणि बांधी ही त्रयी कळली, त्याला तो निम्मा कळला असे समजावे.

विषय असा : संगणकात साठविलेली यादी, म्हणजे फाइल, सी भाषेतील प्रोग्रॅमने ओळीओळीने वाचावी कशी? ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये घडविली; ब्रायन कर्निगन आणि रिची यांचे तिच्यावरील पुस्तक १९७८ साली निघाले. मजूर-चळवळीतल्या माणसाला याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आम्ही ही भाषा पन्नाशीनंतर शिकलो ती एका भांडणापायी.

तेंदूपत्त्याच्या फळीवर ७० पानांचे एक पुडके, याप्रमाणे मोजणी होते. एका कचेरीने मजुरांची यादी संगणकावर चढविली होती : आधी नाव, मग गाव, ओळीच्या शेवटी पुडक्यांचा आकडा. हिशेब निघाला तेव्हा काही बायांच्या नावापुढे शून्य! मुनशी म्हणे पाने आणलीच नाहीत, बाया म्हणत आमचे हात बघा. आम्ही माणसे मोजली, मग ओळी मोजल्या. ओळी माणसांपेक्षा जास्त भरल्या. तेथून शोध सुरू झाला.

तबकडीवरून एकेक अक्षर मागून आणणे म्हणजे एकेक पान घेऊन फळीवर खेप घालणे होय. प्रत्येक मागणीला ऑपरेटिंग सिस्टिमचे दार ठोठवावे लागते, आणि त्यात वेळ जातो. म्हणून सी भाषेची प्रमाण ग्रंथालये फाइल उघडली की स्मृतीत एक साठा तयार करतात. त्यालाच बफर म्हणतात. बहुतेक लिनक्स यंत्रांवर तो ४०९६ बाइटांचा असतो. ओळ ८० बाइटांची धरली तर एका खेपेत पन्नासएक ओळी येऊन पडतात, आणि पुढची मागणी तबकडीपर्यंत न जाता या तळ्यातूनच भागते. तळे रिते झाले की ते पुन्हा भरले जाते; अर्धी ओळ या भरण्यात आणि अर्धी पुढच्या भरण्यात आली तरी ती सांधली जाते. त्याची चिंता प्रोग्रॅम लिहिणाराने करू नये.

चिंता करावयाची ती बांधीची. तळ्यातून ओळ सोडावयाची ती आपल्या भांड्यात, आणि ते भांडे केवढे हे आपण ठरवितो. जुन्या काळी ‘गेट्स’ नावाची एक क्रिया होती. ती भांड्याचे माप विचारतच नसे, ओळ संपेपर्यंत ओतीत राही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘जंतू’ ज्या वाटांनी संगणकांत शिरला, त्यांतील एक हीच : ५१२ बाइटांच्या भांड्यात ५३६ बाइट ओतले गेले. तरीही गेट्स भाषेच्या प्रमाणग्रंथातून गेली ती २०११ मध्ये. वाईट चालीरीती यंत्रांतही लवकर मरत नाहीत.

‘एफ-गेट्स’ ही क्रिया शहाणी. तिला भांड्याचे माप सांगावे लागते. माप भरले की ती तुडुम बंद करते. पण उरलेली ओळ ती फेकीत नाही, पुढच्या वेळी नवी ओळ म्हणून हाती देते. देवनागरीची गोम येथेच आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर आपल्या प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रेलासुद्धा, तीन. ‘नवेगाव बांध’ लिहावयास ३१ बाइट लागतात. भांडे ३० चे असेल तर एक जागा अखेरच्या शून्यखुणेला जाऊन २९ उरतात. म्हणजे ‘ध’चा एक बाइट अलीकडे आणि दोन पलीकडे. अक्षरच चिरले! त्या कचेरीतले भांडे ८० चे होते. त्यात आपली जेमतेम २६ चिन्हे मावतात. बायांच्या नावामागे नवऱ्याचे नाव, मग आडनाव, मग गाव. आकडा येण्यापूर्वीच भांडे भरे. पुडकी पुढच्या निनावी ओळीत जात आणि बाईच्या नावावर शून्य पडे. लिहिणाराचा हेतू वाईट नव्हता. त्याने माप इंग्रजी नावांवरून घेतले होते, इतकेच.

दुसरी चूक उलट्या अंगाची. पुष्कळ जण आधी ‘फाइल संपली का?’ असे विचारतात आणि मग वाचतात. पण संपल्याची खूण वाचावयास जाऊन रिकाम्या हाताने परतल्यावरच उमटते. तोवर भांड्यात जुनी ओळ तशीच असते आणि तिचा हिशेब दुसऱ्यांदा होतो. शेवटच्या मजुराला दुप्पट मजुरी! आमच्या सभेत हे सांगितले तेव्हा आपले नाव शेवटी घाला म्हणून बरेच हात वर झाले. खरी रीत ही की एफ-गेट्स काय घेऊन आली तेच पाहावे. काही न आणता परतली की थांबावे.

भांड्याचे माप आधी ठरवावयाचेच नसेल, तर ‘गेटलाइन’ आहे. २००८ च्या पॉसिक्स प्रमाणात आलेली ही क्रिया ओळीप्रमाणे भांडे वाढविते; काम संपल्यावर ती जागा आपण मोकळी करावयाची असते. एफ-गेट्सच वापरावयाची तर प्रत्येक ओळीच्या शेवटी नव्या ओळीची खूण आहे की नाही ते तपासावे. खूण नसेल तर ओळ तुटली असे धरावे, आणि उरलेला भाग आणून जोडावा. एक अपवाद ध्यानात असू द्यावा : यादी लिहिणाराने शेवटच्या नावानंतर नवी ओळ सुरू केली नसेल, तर ते नाव पुरे असूनही त्याच्यापुढे ती खूण नसते. तुटकी म्हणून ती ओळ टाकून देऊ नये.