चिखली ते चाकण : तीन टोकांच्या ताऱ्याचा प्रवास

पिंपरी-चिंचवड : मराठी बोलीत 'मर्सिडीज' हा शब्द केवळ एका मोटारीचे नाव राहिलेला नाही. श्रीमंती, मानमरातब आणि क्वचित टवाळी या तिन्ही अर्थांनी तो सर्रास वापरला जातो. मात्र ज्या जर्मन कंपनीचे हे नाव आहे, तिचा महाराष्ट्राशी आणि विशेषतः पिंपरी-चिंचवड परिसराशी असलेला संबंध बंगल्यापुढे उभ्या राहणाऱ्या आलिशान गाड्यांपुरता मर्यादित नाही. घाट चढणाऱ्या मालमोटारी आणि वऱ्हाड घेऊन जाणाऱ्या टेम्पो ट्रॅव्हलर गाड्या यांच्या जडणघडणीतही या कंपनीच्या तंत्रज्ञानाचा वाटा आहे. चिखलीत सुरू झालेला आणि चाकणला स्थिरावलेला हा प्रवास पाहिला, म्हणजे औद्योगिक पत कशी मिळते, कशी उणावते आणि ती पुन्हा मिळवण्यासाठी काय करावे लागते, याचा उलगडा होतो.

मालमोटारींपासून प्रारंभ

टाटा उद्योगसमूहाच्या 'टेल्को' या कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी सहकार्य करार केला. त्यानुसार जमशेदपूर येथे मालमोटारींचे उत्पादन सुरू झाले. 'टाटा-मर्सिडीज' या जोडनावाने आणि तीन टोकांच्या ताऱ्यासह या गाड्या देशभर धावू लागल्या. करार पंधरा वर्षांचा होता. १९६९ मध्ये तो संपला, तेव्हा ताऱ्याच्या जागी टाटांचे 'टी' हे अक्षर आले. तोपर्यंत बहुतेक सुटे भाग देशातच बनवण्याची क्षमता टेल्कोने मिळवलेली होती.

या घडामोडींमागे सुमंत मूळगावकर यांची दृष्टी होती. परदेशी तंत्रज्ञान विकत घेऊन भागत नाही, ते आत्मसात करावे लागते, हे त्यांच्या कारभाराचे सूत्र होते. साठच्या दशकात त्यांच्याच नेतृत्वाखाली टेल्कोने पिंपरी-चिंचवडमध्ये प्रकल्प उभारला. येथे आधी यंत्रे बनवणारा विभाग उभा राहिला आणि वाहने त्यानंतर आली. ज्या हातांना वाहने घडवायची आहेत, त्यांनी प्रथम ती घडवणारी यंत्रे समजून घ्यावीत, असा हा क्रम होता. आज या पट्ट्यात साचे, हत्यारे आणि सुटे भाग बनवणारे जे असंख्य लहान-मोठे कारखाने दिसतात, त्यांच्या वाढीत या क्रमाचा मोठा हातभार आहे.

टेम्पोची जर्मन नाळ

आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीची (आताची फोर्स मोटर्स) कथाही जर्मनीशीच जोडलेली आहे. ही कंपनी १९५८ मध्ये जर्मनीतील 'टेम्पो' या वाहन कंपनीच्या सहकार्याने सुरू झाली. तीनचाकी मालवाहू गाडीमुळे 'टेम्पो' हा शब्द मराठीत इतका रुळला, की तो कोणा कंपनीचे नाव आहे, हेही लोक विसरून गेले. पुढे डेमलर-बेंझकडून परवाना घेऊन या कंपनीने 'ओएम ६१६' हे डिझेल इंजिन बनवले. १९८७ मध्ये आलेली 'टेम्पो ट्रॅव्हलर' ही गाडीही मर्सिडीजच्या 'टी १' या व्हॅनच्या आराखड्यावर बेतलेली होती. ग्रामीण महाराष्ट्रात खचाखच भरून धावणाऱ्या ट्रॅक्स गाडीच्या इंजिनाचे कूळही तेच. जिच्याकडे लोक दुरून पाहत असत, त्या मर्सिडीजचे तंत्र असे त्यांच्या नकळत रोजच्या वापरात आले होते.

नावाची आणि ताऱ्याची कथा

मूळ कंपनीचा इतिहास यापेक्षा बराच जुना आहे. कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी जर्मनीत पेट्रोलवर चालणाऱ्या तीनचाकी वाहनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. आधुनिक मोटारीचा जन्मदिवस म्हणून हीच तारीख मानली जाते. त्याच वर्षी गॉटलिब डेमलर यांनी चारचाकी गाडीला इंजिन जोडले. दोन वर्षांनी, १८८८ मध्ये, बेंझ यांच्या पत्नी बर्था यांनी आपल्या दोन मुलांसह मॅनहाइम ते फोर्त्सहाइम हा सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास याच वाहनातून केला आणि हे वाहन केवळ कुतूहलाचा विषय नाही, हे जगाला दाखवून दिले.

'मर्सिडीज' हे नाव एमिल येलिनेक या व्यापाऱ्याच्या मुलीचे. येलिनेक यांनी डेमलर कंपनीकडून वेगवान गाडी बनवून घेतली आणि १९०१ मध्ये तिला मुलीचे नाव दिले. जमीन, पाणी आणि आकाश या तिन्ही ठिकाणी डेमलरची इंजिने चालतील, या आकांक्षेतून तीन टोकांचा तारा आला. १९०९ मध्ये त्याची बोधचिन्ह म्हणून नोंद झाली. १९२६ मध्ये डेमलर आणि बेंझ या दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण होऊन 'मर्सिडीज-बेंझ' हे नाव रूढ झाले.

या इतिहासाला काळी बाजूही आहे. नाझी राजवटीत कंपनीने जर्मन लष्करासाठी मोठ्या प्रमाणावर उत्पादन केले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात तिच्या कारखान्यांतील निम्म्याच्या आसपास मनुष्यबळ वेठीला धरलेले मजूर, युद्धकैदी आणि छळछावण्यांतील बंदी यांचे होते. ऐंशीच्या दशकात कंपनीने या काळाचा अभ्यास इतिहासकारांकडून करवून घेतला आणि १९८८ मध्ये नुकसानभरपाईपोटी दोन कोटी मार्क दिले. ताऱ्याच्या कीर्तीची चर्चा करताना हे प्रकरण वगळता येत नाही.

चिखलीतील पहिली मोटार

आर्थिक उदारीकरणानंतर परदेशी मोटार कंपन्यांना भारताची दारे खुली झाली. डेमलर-बेंझने १९९४ मध्ये जुना सहकारी टेल्कोला बरोबर घेऊन संयुक्त कंपनी स्थापन केली आणि पिंपरीजवळील चिखली येथे टेल्कोच्या आवारात जोडणी सुरू केली. १९९५ मध्ये तेथून 'ई क्लास' ही पहिली मोटार बाहेर पडली. भारतात प्रकल्प उभारणारी आलिशान मोटारींची ही पहिली परदेशी कंपनी ठरली.

सुरुवात मात्र अपेक्षेप्रमाणे झाली नाही. चिखलीत जोडली जाणारी 'डब्ल्यू १२४' ही पिढी युरोपात १९८४ पासून विकली जात होती. भारतात तिचे उत्पादन सुरू झाले, त्याच वर्षी युरोपात तिची जागा नव्या पिढीने घेतली. गाडी मजबूत होती, आजही जाणकार तिचे कौतुक करतात. परंतु वीस लाखांहून अधिक रुपये मोजणाऱ्या ग्राहकाला जगाने मागे टाकलेली गाडी नको होती. भारतीय ग्राहक केवळ बोधचिन्हावर समाधान मानेल, हा अंदाज चुकला. त्यानंतर कंपनीने नव्या पिढीची 'ई क्लास', पाठोपाठ 'एस क्लास' आणि 'सी क्लास' पुण्यात आणली. टेल्कोनेही आपला हिस्सा टप्प्याटप्प्याने कमी केला आणि कंपनी पूर्णपणे जर्मन मालकीची झाली.

जोडणी म्हणजे नेमके काय?

'चाकणची मर्सिडीज' असे म्हटले जाते, तेव्हा ती संपूर्ण गाडी येथेच घडते असे नाही. परदेशातून तयार मोटार आणली, तर तिच्यावर दीर्घकाळ तिच्या किमतीच्या शंभर टक्क्यांच्या घरात आयात शुल्क लागत आले आहे. तीच मोटार सुट्या भागांच्या संचाच्या रूपात आणून येथे जोडली, तर शुल्क बरेच कमी होते. यालाच उद्योगात 'सीकेडी' पद्धत म्हणतात. सांगाडा, इंजिन, अंतर्गत सजावट आणि विद्युत यंत्रणा येथे एकत्र येतात, मग तपासण्या होतात आणि गाडी विक्रीला जाते.

जोडणी कशाला म्हणावे, यावरही वाद झाले. २०११ च्या अर्थसंकल्पात सरकारने व्याख्या कडक केली. इंजिन किंवा गिअरबॉक्स आधीच जोडून आणला, तर तो संच 'सुटा' मानला जाणार नाही आणि त्यावर जास्त शुल्क लागेल, असे ठरले. आलिशान मोटारी बनवणाऱ्यांना इंजिनाची जोडणीही भारतात करणे त्यामुळे अधिक फायद्याचे झाले. मर्सिडीजसाठी हे काम फोर्स मोटर्स १९९७ पासूनच करत होती. २०१६ मध्ये या कामासाठी चाकण येथे स्वतंत्र नवा प्रकल्प सुरू झाला. टेम्पोपासून सुरू झालेले जर्मन नाते असे पुन्हा ताऱ्यापाशी येऊन जुळले.

चाकणचे स्थित्यंतर

चाकण हे नाव एकेकाळी कांद्याच्या बाजारपेठेसाठी आणि फिरंगोजी नरसाळा यांनी १६६० मध्ये शायिस्तेखानाशी झुंजवलेल्या संग्रामदुर्गासाठी ओळखले जात असे. औद्योगिक वसाहत वाढली आणि दुचाकी, मोटारी व सुट्या भागांचे कारखाने येथे आले. मर्सिडीज-बेंझने सुमारे शंभर एकर जागेवर उभारलेला प्रकल्प २००९ मध्ये कार्यान्वित झाला. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा प्रकल्पही चाकणमध्ये सुरू झाला.

तोवर स्पर्धा तीव्र झाली होती. बीएमडब्ल्यूने २००७ मध्ये चेन्नईजवळ, तर ऑडीने त्याच वर्षी तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, जोडणी सुरू केली. पंधरा वर्षे जवळजवळ एकहाती असलेला बाजार मर्सिडीजच्या हातून निसटला. २००९ मध्ये बीएमडब्ल्यू आणि २०१३ मध्ये ऑडी विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेली. नव्या गाड्या लवकर आणणे, लहान आकाराच्या मोटारी व एसयूव्ही येथेच जोडणे आणि चाकणची वार्षिक क्षमता वीस हजारांपर्यंत नेणे, असे उपाय कंपनीने योजले. २०१५ मध्ये १३,५०२ मोटारी विकून तिने पहिला क्रमांक परत मिळवला. २०२४ मध्ये हा आकडा १९,५६५ वर गेला.

सप्टेंबर २०२२ मध्ये चाकणला जोडलेली 'ईक्यूएस ५८०' ही विजेवरील मोटार केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या उपस्थितीत बाहेर पडली. तिची किंमत होती १ कोटी ५५ लाख रुपये. उत्पादन वाढवा, म्हणजे किंमत उतरेल; ही गाडी आपल्यालाही परवडणारी नाही, असा टोला गडकरी यांनी त्याच व्यासपीठावरून लगावला. जानेवारी २०२३ मध्ये संतोष अय्यर यांच्या रूपाने कंपनीच्या भारतीय शाखेचे नेतृत्व प्रथमच भारतीय व्यक्तीकडे आले.

पत टिकते कशी?

मर्सिडीजची कीर्ती सुरक्षिततेवर उभी आहे. अपघातात पुढचा व मागचा भाग चेपून धक्का शोषून घेईल आणि प्रवाशांची जागा शाबूत राहील, ही रचना बेला बारेनी या तिच्या अभियंत्याची. चाके न अडकता गाडी थांबवणारी ब्रेक यंत्रणा तिने १९७८ मध्ये 'एस क्लास'मध्ये आणली.

तरीही ठेचा लागल्याच. १९९७ मध्ये 'ए क्लास' ही लहान मोटार स्वीडनमधील एका चाचणीत उलटली. कंपनीने विक्री थांबवली आणि गाडीचा तोल सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा प्रत्येक 'ए क्लास'मध्ये बसवून दिली. महागड्या गाड्यांपुरती असलेली ही सोय त्यानंतर लहान गाड्यांतही पसरली. २००५ मध्ये विद्युत आणि ब्रेक यंत्रणेतील दोषांमुळे तेरा लाख मोटारी परत बोलवाव्या लागल्या. डिझेल गाड्यांच्या धुराच्या प्रकरणात जर्मनीत २०१९ मध्ये ८७ कोटी युरोंचा दंड झाला, तर २०२० मध्ये अमेरिकेतील यंत्रणांशी सुमारे दीड अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. 'ए क्लास'च्या वेळी चूक मान्य करून ती दुरुस्त केल्याने नाव उलट वाढले. धुराच्या प्रकरणाने मात्र विश्वासालाच धक्का दिला.

परिसराच्या हाती काय?

एवढ्या मोठ्या नावाच्या शेजाराने पिंपरी-चाकण पट्ट्याला काय दिले, हा प्रश्न उरतो. केवळ संख्येचा विचार केला, तर वर्षाला वीस हजारांच्या आतबाहेर विकल्या जाणाऱ्या मोटारी दुचाकी किंवा छोट्या मोटारींच्या कारखान्यांइतका रोजगार देऊ शकत नाहीत. मौल्यवान भाग बाहेरून येत असल्याने स्थानिक पुरवठादारांचा वाटाही मर्यादित राहतो.

मिळकत आहे ती कौशल्याची. पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनाच्या सहकार्याने कंपनीने २००६ मध्ये मोटारींच्या मेकॅट्रॉनिक्सचा प्रगत पदविका अभ्यासक्रम सुरू केला. यांत्रिकी आणि इलेक्ट्रॉनिकी यांची सांगड घालणारे हे शिक्षण विजेवरील वाहनांच्या युगात आणखी मोलाचे ठरणार आहे. इंजिन जोडणीचे काटेकोर काम स्थानिक कंपनीने पेलून दाखवले, हीदेखील मोठी जमेची बाजू आहे.

टाटा-मर्सिडीजच्या कराराने पंधरा वर्षांत भारतीय मालमोटार उद्योग स्वतःच्या पायावर उभा केला. आलिशान मोटारींची जोडणी १९९५ मध्ये सुरू झाली, त्याला तीन दशके उलटूनही त्यांचे बहुतेक मर्म बाहेरूनच येते. याचे एक कारण उत्पादनाच्या अल्प संख्येत आहे, तर दुसरे शुल्काच्या रचनेत. विजेवरील वाहनांच्या बॅटऱ्या, मोटरी आणि संगणक आज्ञावली यांतील किती काम या पट्ट्याकडे येते, यावर पुढील हिशेब ठरेल. गाडीवरचा तारा जर्मनीचाच राहणार आहे. त्याखालच्या यंत्रात चाकणच्या कारागिरीचा वाटा किती असावा, याचा निर्णय धोरणकर्ते, कंपनी आणि येथील उद्योजक यांच्या हाती आहे.