कोडमधला 'कचरा' साफ का करायचा? एक्सझेड प्रकरणातून समजून घ्या

29 मार्च 2024. मायक्रोसॉफ्टमधले इंजिनिअर आंद्रेस फ्रॉइंड यांनी जगाला सावध केलं: लिनक्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'एक्सझेड' या टूलमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला आहे. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून त्यांना संशय आला होता.

हा चोरदरवाजा इतरांना दिसला का नाही?

बिल्ड फाईल म्हणजे काय?

प्रोग्रामर हातानं लिहितो तो सोर्स कोड. त्यापासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करणं म्हणजे 'बिल्ड'. त्यात कॉम्प्युटर स्वतःच ढीगभर फाईल्स बनवतो. त्या पुसल्या तरी पुन्हा तयार होतात. म्हणून त्या गिटमध्ये ठेवत नाहीत. त्यांची नावं 'गिटइग्नोर' यादीत टाकतात.

एक्सझेडमध्ये काय झालं?

घातक कोड टेस्ट फाईल्समध्ये दडवला होता. त्याला जागं करणारी 'बिल्ड-टू-होस्ट' ही फाईल मात्र गिटमध्ये नव्हतीच. ती फक्त डाउनलोडसाठी ठेवलेल्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांच्या पॅकेजमध्ये होती. अशा पॅकेजमध्ये टूलनं आपोआप टाकलेल्या फाईल्स असतातच, त्या सहसा कुणी वाचत नाही. त्याचाच फायदा घेतला गेला. डेबियन आणि फेडोराच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत हे पॅकेज पोहोचलं होतं.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये काय कराल?

बोईसर-पालघरमध्ये फायनल इयरचं प्रोजेक्ट गिटहबवर टाकणाऱ्यांनाही हे लागू पडतं.

• पहिल्याच दिवशी गिटइग्नोर यादी बनवा.
• आधीच गिटमध्ये गेलेली फाईल नुसती यादीत टाकून निघत नाही. ती गिटच्या नोंदीतून वेगळी काढावी लागते.
• बिल्ड फाईल्स पुसायला बऱ्याच प्रोजेक्टमध्ये 'मेक क्लीन' ही कमांड असते.
• 'गिट क्लीन' जपून वापरा. दुर्लक्षित फाईल्सही पुसायला सांगितलं, तर पासवर्ड ठेवलेली फाईलही जाऊ शकते. गिटमध्ये नसल्यानं ती परत मिळत नाही. काय पुसलं जाणार, ते आधी 'ड्राय रन' करून पाहा.

थोडक्यात, हातानं लिहिलेलं जपा, मशीननं बनवलेलं पुन्हा बनवा. एक्सझेड थेट गिटमधल्या कोडवरून बिल्ड केलं असतं, तर तो चोरदरवाजा उघडलाच नसता.