कर इथे, मत तिथे : गडमुडशिंगीच्या दुकानदाराची अडचण

कोल्हापूरहून उचगावमार्गे हुपरीकडे निघाले की गडमुडशिंगी लागते. कागदावर हे करवीर तालुक्यातील एक गाव आहे. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला मात्र ते गांधीनगरच्या पेठेचे दुसरे टोक वाटते. सुरत, भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या गाठी या पट्ट्यात उतरतात. कोकण, गोवा, बेळगाव, निपाणीकडचे दुकानदार इथून माल भरून नेतात. माझे दुकान व गोदाम याच पट्ट्यात आहे. घर कोल्हापूर शहरात आहे. म्हणजे घरपट्टी, दिवाबत्ती कर, पाणीपट्टी हे सर्व मी गावात भरतो आणि मत शहरात देतो. आमच्यापैकी पुष्कळांचे असेच आहे. या एका गोष्टीने आमचे किती नुकसान होते, हे मला फार उशिरा कळले.

गेल्या रमजानच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट सांगतो. कोकणातील एक जुने गिऱ्हाईक, वीस-बावीस वर्षांचा व्यवहार, सकाळी दहाला गाडी घेऊन आले. समोरून एक ट्रान्सपोर्टचा ट्रक, मागून दोन टेम्पो, मध्ये उसाचा रिकामा ट्रॅक्टर. दुकानापर्यंत यायला त्यांना पाऊण तास लागला, आणि आल्यावर गाडी लावायला जागा नाही. माल पाहिला, चहा घेतला आणि जाताना म्हणाले, "चाचा, माल तुमचा चांगला आहे, पण हा ताप आता सोसत नाही. पुढच्या वेळी फोनवरच फोटो पाठवा." मी फोटो पाठवले. त्यांनी ऑर्डर मात्र थेट सुरतेच्या एका गिरणीवाल्याला दिली, कारण फोटो तर त्यांच्याकडूनही येतातच. हाताने ताग्याचा पोत बघायला मिळतो म्हणून तर माणूस पेठेत येतो. त्याला पेठेत शिरताच आले नाही, तर आमची गरज काय उरली?

ही पेठ इथे कशी आली ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात वळिवडे येथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक तिथे राहिले. ते गेल्यावर फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी बांधव त्या जागी वसले. त्यांनी कापडाचा धंदा उभा केला आणि त्या वसाहतीचे गांधीनगर झाले. शून्यातून एवढी घाऊक पेठ उभी करणे ही मोठी हिंमत होय. आमच्या लोकांपैकी अनेकांनी धंदा त्यांच्याच गादीवर बसून शिकला, हेही मान्य केले पाहिजे. शहराच्या हद्दीबाहेर असल्यामुळे महापालिकेची जकात या पेठेला लागत नव्हती, हाही एक फायदा होता. पुढे २०११ मध्ये शहरातली जकात जाऊन एलबीटी आली, २०१५ मध्ये तीही बहुतेक व्यापाऱ्यांवरून उठली आणि २०१७ पासून सगळीकडे जीएसटी आहे. हद्दीबाहेर राहण्याचे ते कारण संपले. दुकाने मात्र वाढतच गेली. आज ही पेठ गांधीनगरबरोबर उचगाव, वळिवडे आणि गडमुडशिंगी यांच्या हद्दीत पसरली आहे. पेठ एक आणि ग्रामपंचायती चार.

अडचण इथेच आहे. रस्त्यावर कोंडी झाली म्हणून मी पहिल्यांदा अर्ज लिहिला, तेव्हा तो चुकीच्या दारात नेऊन दिला. तिथून दुसऱ्या दारात गेलो, तेही चुकीचे निघाले. यात कुणा कर्मचाऱ्याला दोष देत नाही, चूक माझीच होती. कोणते काम कोणाचे, हे विचारल्याशिवाय मी भांडायला निघालो होतो.

आता जे समजले ते सांगतो. गावातला दिवा, गटार, कचरा, अंतर्गत रस्ता आणि नळाचे पाणी ग्रामपंचायतीकडे. गावाच्या रस्त्यावर कोणी पायरी, शेड किंवा फळी पुढे काढली, तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली ते हटवण्याचा अधिकारही तिलाच आहे. मात्र रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा जिल्हा परिषदेचा असेल, तर त्याचा खड्डा आणि रुंदी त्यांच्याकडे. इमारतीची परवानगी व विकास आराखडा कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाकडे. हे प्राधिकरण २०१७ मध्ये शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी झाले. अवजड गाड्यांना कोणत्या वेळी बंदी, कोणता रस्ता एकेरी, कुठे गाडी लावायची नाही, हे आदेश मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ ते ११७ खाली निघतात. ते जिल्ह्याच्या पातळीवरचे काम आहे. ग्रामपंचायतीने 'नो पार्किंग'ची पाटी स्वतः रंगवून लावली, तर त्या पाटीवर कुणाला दंड होणार नाही. ती फक्त पाटी राहील. ग्रामपंचायत ठराव करून वर पाठवू शकते, आणि त्या ठरावाला वजन असते.

रस्ता नेमका कुणाचा, हे कळत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचारावे. लेखी उत्तर हातात असले की पुढचा माणूस "आमच्याकडे येत नाही" असे म्हणत नाही.

आणि ठराव होतो कुठे? ग्रामसभेत. कायद्याने वर्षाला निदान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. गणपूर्तीसाठी गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसे, यातील जी संख्या कमी असेल ती लागते. गडमुडशिंगीसारख्या मोठ्या गावात शंभर माणसे जमली की सभा भरते. त्या शंभरांत आपली किती असतात? मी एकदा गेलो होतो. मागच्या बाकावर बसलो, आणि बोलायला उभा राहिल्यावर एका तरुणाने नम्रपणे विचारले, "काका, तुमचं नाव यादीत कुठल्या वॉर्डात आहे?" माझे नाव कुठल्याच वॉर्डात नव्हते. ग्रामसभा म्हणजे त्या गावच्या मतदारांची सभा. मी खाली बसलो. त्या तरुणाचे काहीच चुकले नव्हते.

यावर काही मित्र सुचवतात की मतदार यादीत दुकानाचा पत्ता घालून घ्यावा. असे मुळीच करू नये. मतदार व्हायला त्या ठिकाणचा सर्वसाधारण रहिवासी असावे लागते. मालमत्ता असल्याने तो हक्क येत नाही, आणि खोटे निवेदन दिले तर गुन्हा होतो. रस्ता दुसरा आहे आणि तो सरळ आहे. आपले हमाल, दुकानातली मुले, शिलाईच्या बाया, गोदामाचे मालक, टेम्पोवाले यांतले अनेकजण गावातच राहतात. ते मतदार आहेत. मात्र त्यांच्याकडे केवळ आपले गाऱ्हाणे घेऊन गेलो, तर ते कशाला हात वर करतील? त्यांच्या नळाला पाणी किती वेळ येते, गल्लीतला दिवा कधीपासून बंद आहे, हे आपण कधी विचारले का?

आणखी एक गोष्ट कडू आहे, पण लिहितो. गावकऱ्यांची तक्रार काय आहे? ती आमचीच आहे. ट्रक दुकानासमोर उभा करून दोन तास गाठी उतरवणारे आम्ही. प्लास्टिकच्या पिशव्या व पुठ्ठे गटारात जातात तेही आमचेच. शाळा सुटण्याच्या वेळी मुले त्या ट्रकच्या कडेने चालतात. गांधीनगरच्या वसाहत रुग्णालयाकडे रोगी घेऊन निघालेली रिक्षा त्याच कोंडीत अडकते. हा त्रास सोसणारा माणूस ग्रामसभेत आमच्या बाजूने बोलावा, अशी अपेक्षा आम्ही कोणत्या तोंडाने करतो? आपल्या गल्लीतल्या सहा-सात दुकानदारांनी आपसांत ठरवले की ट्रक सकाळी आठच्या आत किंवा रात्री नऊनंतर खाली करायचा. हमालांनी रात्रीची मजुरी जास्त मागितली. ती रास्त होती, दिली. गाठीमागे थोडा खर्च वाढला, पण दिवसभर गिऱ्हाइकाला उभे राहायला जागा झाली. सगळ्यांनी पाळले असे नाही. एक-दोघे आजही भर दुपारी ट्रक लावतात.

हातगाडीवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यात आपले भाईबंद खूप आहेत. २०१४ चा पथविक्रेता कायदा शहरांच्या संस्थांसाठी आहे, ग्रामपंचायतीच्या हद्दीत फेरीवाला समिती बनत नाही. त्यामुळे गाडी हटवली तर दाद कुठे मागायची, हे त्या गरिबाला कळत नाही. त्याला आठवडी बाजाराच्या धर्तीवर ठरलेली जागा मिळाली, तर रस्ताही मोकळा होईल. ही मागणी दुकानदारांनी करावी असे माझे मत आहे. काही दुकानदारांना ते पटत नाही. आपल्याच दारातल्या गाडीवाल्याकडून ते भाडे घेतात, हे त्याचे कारण.

आता पोलिसांविषयी. हा परिसर गांधीनगर पोलीस ठाण्याच्या हद्दीत आहे. पेठेत रोकड, माल आणि बाहेरगावची माणसे, तिन्ही असल्यावर चोरी-पाकीटमारीची भीती असतेच. काही वर्षांपूर्वी माझ्या गोदामाच्या मागच्या पत्र्यातून माल गेला. तक्रार द्यायला गेलो आणि पहिलाच प्रश्न आला की किती माल गेला. माझ्याकडे अंदाज होता, यादी नव्हती. साठ्याची वही दोन महिने लिहिलीच नव्हती. अंदाजावर तपास होत नाही आणि विमाही मिळत नाही. तेव्हापासून दर शनिवारी रात्री वही पुरी करतो. वाचकांनी लक्षात ठेवावे की पहिल्या खबरीची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे हद्द कोणतीही असली तरी खबर नोंदवून घेतली पाहिजे, आणि ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. चार ग्रामपंचायतींच्या पेठेत 'हे आमच्या हद्दीत नाही' या उत्तराची भीती यामुळे कमी होते. रात्री गडबड वाटली तर ११२ फिरवावा.

७ जून २०२३ चा दिवस कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला विसरता येणार नाही. मोबाईलवरच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, शहरात दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला आणि इंटरनेट बंद झाले. मी घरात बसून होतो. गोदामात भरून ठेवलेला माल ई-वे बिल न निघाल्याने हलला नाही. पण त्या दिवशी मालाची चिंता कमी होती, कामावरची पोरे घरी कशी पोचतील याची जास्त होती. एका हमालाने, तो हिंदू आहे, आमच्या दोन पोरांना आपल्या घरी थांबवून घेतले आणि अंधार पडल्यावर स्वतः सोडून आला. नंतर मला वाटले, ठाण्यातल्या एकाही अधिकाऱ्याला मी नावाने ओळखत नाही आणि तेही मला ओळखत नाहीत. शांतता समितीच्या बैठकीचे निरोप सणाच्या आधी येतात, आणि नेमक्या तेव्हाच आम्ही धंद्यात बुडालेले असतो. आता मी किंवा माझा मुलगा, दोघांपैकी एकजण जातो. तिथे जास्त काही बोलावे लागत नाही. तोंडओळख झाली एवढेही संकटात उपयोगी पडते.

हद्दवाढीचा वादही इथे आलाच. कोल्हापूरची महापालिका १९७२ मध्ये झाली, आणि त्यानंतर कित्येक दशके तिची हद्द वाढली नाही. लगतची गावे शहरात घ्यायचा विषय निघाला की गावे बंद पाळतात. शेतकऱ्याला आरक्षणाची व कराची भीती आहे, आणि ती खोटी म्हणता येत नाही. विमानतळाच्या विस्तारासाठी याच गडमुडशिंगीची ६४ एकर जमीन लागली आहे. दुकानदार म्हणून मला एक पेठ, एक कार्यालय झालेले आवडेल. पण शहरातल्या माझ्या घरासमोरचा रस्ता पाहिला की हद्दीत गेल्याने सर्व ठीक होते, असे छातीठोकपणे सांगवत नाही. तोवर चारही ग्रामपंचायतींनी वाहतुकीपुरता एकच मसुदा करून आपापल्या ग्रामसभेत तोच ठराव घ्यावा, हे आजही करता येण्यासारखे आहे.

शेवटी अर्जाबद्दल. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. बोलायला मराठी अस्खलित, पण 'मा. महोदय' लिहिले की पुढे हात अडायचा. आपल्या कितीतरी लोकांचे असेच होते, आणि मग तक्रार चहाच्या टपरीवरच राहते. माझी सून मराठी माध्यमात शिकलेली आहे, ती लिहून देते. एका अर्जात एकच काम, खाली जागेची खूण, सोबत एक फोटो आणि दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर व शिक्का. ग्रामसेवकांचे नाव २०२४ मध्ये 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले आहे, तेच लिहावे. गावाचे नावही पुरे लिहावे. हातकणंगले तालुक्यात मौजे मुडशिंगी आहे, आणि बिल्टीवर 'गड' राहिले म्हणून माझी एक गाठ तिकडे फिरून आली होती.

गोदामाच्या गल्लीतल्या दिव्यासाठी दिलेला अर्ज अशा तऱ्हेने लिहिलेला पहिला. सोबत गल्लीतल्या अकरा मतदारांच्या सह्या होत्या, माझी त्यांच्या खाली बारावी, 'करदाता' म्हणून. दिवा लागला. ट्रकच्या वेळेचा ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडायचा आहे. तो मांडणार आमचा हमाल, ज्याने त्या रात्री पोरांना सोडले तोच. मी मागच्या बाकावर बसेन.