उदंचन जलविद्युत् केंद्र

विजेची मागणी कमी असताना जादा विजेच्या साहाय्याने खालच्या जलाशयातील पाणी वरच्या जलाशयात चढविणारे आणि मागणी वाढताच तेच पाणी टरबाइनांतून खाली सोडून वीज परत देणारे केंद्र. उदंचन म्हणजे पाणी वर उपसणे. नेहमीच्या जलविद्युत् केंद्राला नदीचा प्रवाह ऊर्जा पुरवितो. येथे ती बाहेरून आणावी लागते. म्हणून हे केंद्र ऊर्जेचा उगम नसून ऊर्जेची साठवण होय. पंप, टरबाइन, जनित्र व जलवाहिन्या यांत होणाऱ्या ऱ्हासामुळे खर्च केलेल्या विजेपैकी सु. ७० ते ८० टक्केच वीज परत मिळते. असे असूनही हा व्यवहार परवडतो, कारण वीज निर्माण होते त्याच क्षणी ती वापरली जावी लागते आणि मध्यरात्रीच्या युनिटाचे व सायंकाळच्या युनिटाचे मोल सारखे नसते.

कार्यपद्धती : केंद्राची क्षमता पाण्याचे आकारमान व दोन जलाशयांतील उंचीचा फरक यांवर अवलंबून असते. १ घ. मी. पाणी ३६७ मी. खाली उतरले, तर त्याची स्थितिज ऊर्जा १ किलोवॉट-तास, म्हणजे व्यवहारातील एक युनिट भरते. उंची दुप्पट असल्यास निम्मे पाणी पुरते, त्यामुळे जलाशय लहान ठेवता येतात. आरंभीच्या केंद्रांत पंप व टरबाइन ही वेगवेगळी यंत्रे असत. पुढे फ्रान्सिस प्रकारचे असे यंत्र प्रचारात आले, की ते एका दिशेने फिरविल्यास टरबाइनाचे व उलट दिशेने फिरविल्यास पंपाचे काम करते. स्वित्झर्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच अशी साठवण सुरू झाली होती. चीनमधील फंगनिंग येथील ३,६०० मेगॅवॉटचे केंद्र हे जगातील सर्वांत मोठे असून ते २०२४ मध्ये पूर्ण झाले.

औष्णिक व अणुविद्युत् केंद्रे वारंवार बंद-चालू करणे किफायतशीर नसते. त्यामुळे त्यांची रात्रीची जादा वीज पाणी चढविण्यासाठी वापरावी आणि दिवसा वा सायंकाळी ती परत घ्यावी, असा मूळचा रिवाज होता. सौर ऊर्जेने हे घड्याळ फिरविले. भारताची सौर क्षमता २०२५ च्या आरंभी १ लाख मेगॅवॉटांपलीकडे गेली. ही वीज माध्यान्ही मुबलक असते आणि दिवे लागणीच्या वेळी नाहीशी होते. साहजिकच पाणी चढविण्याची वेळ आता रात्रीऐवजी दुपार ठरू लागली आहे. हा बदल केवळ सोयीचा नाही. कोळशाच्या विजेने पाणी चढविल्यास परत मिळणाऱ्या प्रत्येक युनिटामागे सव्वा ते जवळजवळ दीड युनिटाइतका कार्बन डाय-ऑक्साइड वातावरणात गेलेला असतो. उदंचन केंद्रास सरसकट ‘स्वच्छ’ म्हणणे म्हणूनच अचूक नव्हे. त्याची स्वच्छता पंपाला वीज कोठून येते यावर ठरते.

भारतात नागार्जुनसागर येथे १९८० नंतरच्या दशकात अशी यंत्रे बसविण्यात आली. मात्र यंत्रे असणे आणि उदंचन होणे या भिन्न गोष्टी आहेत. सरदार सरोवर प्रकल्पात प्रत्येकी २०० मेगॅवॉटची सहा उलटसुलट चालणारी यंत्रे आहेत. परंतु खालच्या बाजूस पाणी अडविण्याची सोय नसल्यामुळे ती दीर्घकाळ केवळ जनित्रे म्हणूनच चालली.

महाराष्ट्रात सह्याद्रीचा पश्चिमेकडील तुटलेला कडा या कामासाठी निसर्गतःच अनुकूल आहे. घाटघर (जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) येथे वरचा व कड्याखाली चोंढे (जि. ठाणे) येथे खालचा जलाशय असून दोहोंतील उंचीचा फरक ४०० मी. पेक्षा अधिक आहे. भूमिगत वीजगृहात १२५ मेगॅवॉटचे दोन संच २००८ मध्ये कार्यान्वित झाले. ढोबळ हिशेबाने येथे १ घ. मी. पाण्यापासून सु. एक युनिट वीज मिळते. दोन्ही संच सहा तास चालविण्यास सु. १५ लाख घ. मी. पाणी लागते. भिरा (जि. रायगड) येथील १५० मेगॅवॉटचा उदंचन संच मुळशी जलाशयाचे पाणी वापरतो. याच जलाशयाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह (१९२१–२४) झाला होता.

राज्य शासनाने २०२३ मध्ये उदंचन प्रकल्पांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले व त्यानंतर खाजगी कंपन्यांशी अनेक करार केले. कड्याची जी उंची अभियंत्याला हवी असते, तेथेच पश्चिम घाटाची जंगले व डोंगरवस्त्या आहेत. नदीपासून अलग, एकदा भरून घेतलेल्या दोन जलाशयांच्या योजनांत पाण्याचा नित्य व्यय मुख्यतः बाष्पीभवनापुरता राहतो आणि बुडीत क्षेत्रही कमी असते; तथापि बोगदे, रस्ते व पारेषण वाहिन्या यांसाठी होणारी जंगलतोड हिशेबात धरावीच लागते. बॅटऱ्यांच्या किंमती उतरत असल्याने दोन-चार तासांच्या साठवणीसाठी डोंगर फोडण्याची गरज कितपत उरेल, हाही प्रश्न आहे. अधिक तासांच्या साठवणीत आणि अर्धशतकाहून अधिक आयुष्यात मात्र उदंचन केंद्र सरस ठरते. वेल्समधील दिनॉर्विक केंद्र (१९८४, १,७२८ मेगॅवॉट) बंद पडलेल्या पाटीच्या दगडाच्या खाणीच्या जागी, डोंगराच्या पोटात बांधलेले आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेवरील त्या परिसराचे रूप बिघडू नये म्हणून तेथे वीजगृह भूमिगत ठेवण्याचा जादा खर्च करण्यात आला.