इंग्रजीतला ‘मे’

‘मे’ हा शब्द इंग्रजीत दोन कामं करतो. तो वर्षाच्या पाचव्या महिन्याचं नाव आहे आणि परवानगी किंवा शक्यता सांगणारं सहायक क्रियापदही आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. खानदेशातल्या शिंदखेड्याच्या मुलाला इंग्रजी म्हणून आधी भेटतो तो दुसरा ‘मे’, वर्गाच्या दारात उभं राहून विचारायचा: ‘मे आय कम इन?’ महिन्याचा मे त्याला घरूनच ठाऊक असतो, फक्त तो इंग्रजी आहे हे ठाऊक नसतं. मे म्हणजे सुट्टी, मामाचं गाव आणि भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’चं पाचवं पान. जयंतराव साळगावकरांनी 1973 साली सुरू केलेल्या या दिनदर्शिकेत पान पालटतं ते इंग्रजी महिन्याने. चैत्र-वैशाखाच्या तिथी चौकटीत बसतात. म्हणून नाव शिकवावं लागत नाही. अडतं ते त्याच्या अवतीभवतीच्या व्याकरणात.

पहिली अडचण लिपीची. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत. इंग्रजीत मात्र महिन्याच्या नावाचं पहिलं अक्षर वाक्यात कुठेही असलं तरी मोठंच लिहायचं. परवानगीचा ‘मे’ वाक्याच्या सुरुवातीला आला तरच मोठा. ‘मार्च’चंही तसंच; लहान अक्षराने लिहिला की तो कवायतीतलं चालणं होतो. एप्रिलला असं जुळं भावंड नाही.

खरी गफलत होते ती शब्दयोगी अव्ययांत. मराठीत ‘मेमध्ये’, ‘मे महिन्यात’. शिंदखेड्याकडच्या अहिराणी बोलीत ‘-मा’ लावला की काम झालं. सगळं नावाच्या शेवटी चिकटतं. इंग्रजीत ते नावाच्या आधी, सुटं उभं राहतं, आणि तिथे तारीख आहे की नाही हे आधी पाहावं लागतं. नुसता महिना असेल तर ‘इन’, तारीख आली की ‘ऑन’. खानदेशातल्या आखाजीचंच उदाहरण घ्यावं. हा सण वैशाख शुद्ध तृतीयेचा, त्यामुळे इंग्रजी तारीख दर वर्षी सरकते. 2024 साली आखाजी 10 मेला होती, 2025 साली 30 एप्रिलला. इंग्रजीत पहिलीबद्दल ‘इन मे’ म्हणता येतं किंवा ‘ऑन द टेन्थ ऑफ मे’. ‘इन टेन्थ मे’ चालत नाही. लिहिताना नुसतं ‘10 मे’ लिहिलं तरी वाचताना ‘द टेन्थ ऑफ मे’ असंच म्हणायचं. 

आणि जिथे मराठीला प्रत्यय लागतोच, तिथे कधी इंग्रजीला काहीच लागत नाही. ‘मागच्या मेमध्ये’ याचं ‘लास्ट मे’ एवढंच होतं. ‘इन लास्ट मे’ ही आपली भर. ‘मे मंथ’ हीसुद्धा ‘मे महिना’ची सरळ नक्कल. फारच महिना म्हणायचा असेल तर ‘द मंथ ऑफ मे’, पण बोलताना इंग्रज माणूस महिना हा शब्द बहुधा गाळतोच. ‘मार्च एंड’ आपल्या बँकांत आणि कचेऱ्यांत इतका मुरला आहे की तो चुकीचा म्हणणं धाडसाचं, तरी निबंधात ‘ॲट द एंड ऑफ मार्च’ लिहिणं बरं.

मग उरतो ऋतू. इंग्लंडात मार्च, एप्रिल आणि मे हे वसंताचे महिने. तिथे हॉथॉर्न नावाच्या काटेरी झाडाच्या पांढऱ्या फुलोऱ्यालाही ‘मे’ म्हणतात, म्हणजे या शब्दाचा तिसरा अर्थ निघाला! पंचांगाने चैत्र-वैशाख म्हणजे आपलाही वसंतच. पण शिंदखेड्यात मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. ‘स्प्रिंग’ची कल्पना मुलांना द्यायची तर फेब्रुवारी-मार्चातला फुललेला पळस दाखवणं जास्त खरं ठरेल. पाठ्यपुस्तकातल्या वाक्यात ‘मे’ आणि ‘स्प्रिंग’ शेजारी आले, तर ते वाक्य कुठल्या देशातलं आहे हे शिक्षकाने आधी सांगावं.

तारखा आकड्यांत लिहिताना एक धोका असतो: 5/4 म्हणजे भारतात 5 एप्रिल, अमेरिकेत 4 मे. परदेशी अर्ज भरताना महिन्याचं नाव अक्षरी लिहावं. जागा कमी असेल तर इतर महिन्यांची नावं पहिल्या तीन अक्षरांवर आणता येतात; मेचं स्पेलिंग मुळातच तीन अक्षरांचं आहे.