स्नायूचे ओढणे आणि सोडणे

आपल्या देहाच्या वजनापैकी सुमारे ४० टक्के भाग अस्थींना जोडलेल्या स्नायूंचा असतो. असे सहाशेहून अधिक स्नायू आपण जन्मभर वापरतो; परंतु स्नायू काम करतो म्हणजे नेमके काय करतो, हा प्रश्न क्वचितच आपल्या मनात येतो. विचारल्यास उत्तर मिळते, तो आखडतो. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. स्नायूला धरण्यासाठी शक्ती लागते, तशीच ती सोडण्यासाठीही लागते, ही गोष्ट त्यात राहून जाते. तीच येथे आम्हांला सांगावयाची आहे.

स्नायूला ढकलता येत नाही. फक्त ओढता येते. दंडाचा पुढचा स्नायू कोपर वाकवतो, मागचा ते सरळ करतो. एकाने ओढावे तेव्हा दुसऱ्याने सैल व्हावे लागते. दोघेही एकदम ओढू लागले, तर हात जागच्या जागी ताठून राहील.

आता स्नायूच्या आत पाहू. स्नायू म्हणजे मोळ्यांची मोळी होय. कंडरांनी हाडाशी बांधलेल्या या मोळीत लहान जुड्या असतात आणि जुडीत स्नायुतंतू असतात. प्रत्येक तंतू ही एकच लांबलचक पेशी. जाडीने केसाएवढी किंवा त्याहून बारीक, लांबीने मात्र कित्येक सेंटिमीटरही असू शकते. या पेशीत शेकडो तंतुके शेजारी शेजारी असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवर एकाआड एक गडद आणि फिकट पट्टे दिसतात. हे पट्टे दोन प्रकारच्या धाग्यांमुळे पडतात. जाड धागे मायोसिन नावाच्या प्रथिनाचे, तर बारीक धागे मुख्यतः ॲक्टिनचे. तंतुकाचे लहान लहान कप्पे असून प्रत्येक कप्पा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-अडीच पट लांब असतो. बारीक धागे त्याच्या दोन्ही टोकांच्या पडद्यांना बांधलेले, जाड धागे मध्यभागी. आणि दोहोंची टोके दोन हातांची बोटे गुंफावीत तशी एकमेकांत शिरलेली असतात.

स्नायू आखडताना हे धागेच आक्रसत असावेत, असा पूर्वी समज होता. १९५४ साली मे महिन्यात ‘नेचर’ या नियतकालिकात दोन निबंध एकत्र प्रसिद्ध झाले. एक ॲन्ड्र्यू हक्स्ले व रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्स्ले व जीन हॅन्सन यांचा. दोघे हक्स्ले एकमेकांचे नातलग नव्हते. एका जोडीने बेडकाचा जिवंत स्नायुतंतू तपासला, दुसरीने सशाच्या स्नायूची सुटी केलेली तंतुके. दोघांनाही दिसले ते एकच : तंतू आखडला तरी गडद पट्ट्याची रुंदी तेवढीच राहते, अरुंद होतो तो फिकट पट्टा. अर्थात धागे आखूड होत नाहीत; ते एकमेकांवरून सरकतात.

ते सरकतात कसे? विहिरीतून पाणी शेंदताना दोर आखूड होत नाही. एक हात दोर धरून ओढतो, तोवर दुसरा सुटून पुढची पकड घेतो. मायोसिनच्या धाग्याला असेच शेकडो इवले हात असतात. ते ॲक्टिनचा धागा पकडतात, खेचतात, सोडतात आणि पुन्हा पकडतात. सगळे एकाच वेळी सोडत नाहीत, म्हणून ओझे निसटत नाही. काम सुरू करण्याची आज्ञा मज्जातंतूकडून येते. ती येताच पेशीतील साठ्यातून कॅल्शियम बाहेर पडते आणि ॲक्टिनवरील पकडीच्या जागा मोकळ्या होतात.

या हातांचे इंधन म्हणजे एटीपी हे द्रव्य. त्याचा नवा कण येऊन चिकटतो तेव्हाच हात ॲक्टिनपासून सुटतो. मग त्या कणाचे विघटन होऊन हात पुढच्या खेचीसाठी सज्ज होतो. कॅल्शियम परत साठ्यात भरण्यासही एटीपीच लागते. मृत्यूनंतर काही तासांत प्रेत का ताठते, याचा उलगडा येथे होतो. इंधन संपते, धरलेले हात सुटत नाहीत. पुढे एक-दोन दिवसांत प्रथिनेच विघटित होऊ लागतात, तेव्हा तो ताठरपणा जातो. उष्ण हवेत हे सारे लवकर घडते.

जिवंतपणी या सोडण्याचे महत्त्व खुर्चीवर बसताना कळते. आपण सावकाश बसतो तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू ओझे धरून ठेवून हळूहळू लांबत जातो. तो दुर्बळ झाला की वृद्ध माणूस खुर्चीत धपकन बसतो, आणि पुढे पडण्याची भीती असते. स्नायूतील प्रथिने सतत मोडत व नव्याने घडत असतात; वापर थांबला की मोडणे वरचढ होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या मांड्या थोड्याच दिवसांत उतरतात, त्या यामुळेच.

परंतु ही वाट परतीची आहे. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नव्वदीच्या घरातील दहा अशक्त वृद्धांना वजने उचलण्याचा व्यायाम दिला. आठ आठवडे तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरीने दुपटीहून अधिक वाढली. म्हणून घरातील म्हाताऱ्या माणसाला ‘तुम्ही उठू नका, आम्ही आणून देतो’ असे म्हणण्याआधी आपण क्षणभर थांबावे. डॉक्टरांची हरकत नसेल, तर त्यांना स्वतः उठू द्यावे आणि सावकाश बसूही द्यावे.